ओटो लिलिएंथाल : दोन हजार उड्डाणं आणि वाऱ्याचा एक झोत

विमानाचा शोध कोणी लावला असं विचारलं, की शाळेतला मुलगासुद्धा पटकन राइट बंधूंचं नाव सांगतो. पण त्यांच्या आधी एक जर्मन मेकॅनिकल इंजिनिअर (हो, आपल्याच ब्रँचचा!) सुमारे दोन हजार वेळा हवेत उडाला होता, तेही इंजिनाशिवाय. त्याचं नाव ओटो लिलिएंथाल.

ओटोचा जन्म २३ मे १८४८ चा, प्रशियातल्या अंक्लाम या गावचा. लहानपणी तो आणि धाकटा भाऊ गुस्ताव कुरणात जाऊन करकोचे न्याहाळत बसायचे. हे पक्षी उडताना वाऱ्याकडे पाठ न करता तोंड करून धावतात, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. पुढे ओटोने बर्लिनला इंजिनिअरिंग केलं, १८७०-७१ च्या युद्धात सैनिक म्हणून गेला, परत येऊन छोटी स्टीम इंजिनं आणि बॉयलर बनवायचा कारखाना काढला. १८९० मध्ये त्याने नफ्यातला २५ टक्के हिस्सा कामगारांना द्यायला सुरुवात केली. त्या काळात हे फारच वेगळं होतं.

पण जीव अडकला होता पंखांत. दोघा भावांनी फिरणाऱ्या दांड्याला वेगवेगळ्या आकारांचे पंख लावून त्यांच्यावरचं बल मोजलं. सपाट पंखापेक्षा किंचित कमानदार पंख जास्त लिफ्ट देतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. १८८९ मध्ये ओटोने हे सगळं पुस्तकात छापलं. एरोडायनॅमिक्समध्ये लिफ्ट आणि ड्रॅगचा जो 'पोलर' आपण काढतो, तो मुळात त्याचाच!

१८९१ मध्ये डेरविट्झ गावाजवळ तो पहिल्यांदा उडाला, साधारण २५ मीटर. १८९४ मध्ये बर्लिनजवळ त्याने सरावासाठी १५ मीटर उंचीची टेकडीच बांधून घेतली. रिनोच्या टेकड्यांवरून तर तो २५० मीटरपर्यंत जायचा. विलोच्या काठ्या, वर कापड, वजन जेमतेम २० किलो. हातांनी फ्रेमला धरून लोंबकळायचं आणि उडी मारायची.

आता कंट्रोलचं बघा. स्टिअरिंग नाही, लिव्हर नाही. एका बाजूचा पंख वर गेला की पाय त्या बाजूला फेकायचे, पुढचं टोक वर गेलं की पाय पुढे. म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी हलवायचं, बस्स! हलक्या वाऱ्यात हे जमतं. पण पाय हलवून मिळणारा मोमेंट असतो तरी किती? माझ्या मते सगळी गोष्ट इथेच अडते.

९ ऑगस्ट १८९६, रविवार. श्टोलनजवळची गोलेनबर्ग टेकडी. त्या दिवशीची आधीची उड्डाणं छान झाली होती. मग पुन्हा झेप घेतल्यावर ऊन लागून वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोताने ग्लायडरचं तोंड वर उचललं. वेग संपला, ग्लायडर हवेत जवळजवळ थांबलं. ओटोने पाय पुढे झोकून दिले, पण उपयोग झाला नाही. स्टॉल! सुमारे १५ मीटरवरून तो खाली कोसळला. पाठीचा कणा मोडला. त्याला ट्रेनने बर्लिनला नेलं, पण १० ऑगस्टला तो गेला. वय फक्त ४८.

ही बातमी अमेरिकेत डेटनमध्ये सायकली बनवणाऱ्या दोन भावांनी वाचली. त्यांनी ओटोचे आकडे घेतले, १९०१ मध्ये स्वतःच्या विंड टनेलमध्ये तपासलेसुद्धा. पण त्याची कंट्रोलची पद्धत मात्र सोडून दिली. शरीर हलवण्याऐवजी तारांनी पंखच पिळायचा, आणि तोंड वर-खाली करायला पुढे वेगळा एलिव्हेटर. १९०३ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

२०१६ मध्ये जर्मनीच्या एरोस्पेस सेंटरने ओटोच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती विंड टनेलमध्ये ठेवून बघितली. ग्लायडर स्थिर निघालं! म्हणजे डिझाइन कच्चं नव्हतं.

गोलेनबर्गच्या पायथ्याशी एक जुनं इल्युशिन-६२ जेट उभं आहे. १९८९ मध्ये ते तिथल्या गवताळ धावपट्टीवर उतरवलं होतं. त्याचं नाव 'लेडी अग्नेस', ओटोच्या बायकोच्या नावावरून.