शिक्षा कडक हवी की नक्की? अडीचशे वर्षांपूर्वी हिशोब मांडणारे चेझारे बेक्कारिया

गावात चोरी झाली की पारावर एकच सूर लागतो. कायदा कडक पाहिजे, दोन-चार जणांना जबर शिक्षा झाली की बाकीचे आपोआप सरळ होतील. इटलीतल्या मिलान शहरातल्या एका तरुणाने वयाच्या २६व्या वर्षी नेमका याच समजुतीला हात घातला. शिक्षा किती मोठी आहे हे चोर नंतर बघतो, आपण सापडणार की नाही हे तो आधी बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं नाव चेझारे बेक्कारिया. गुन्हेगारीच्या अभ्यासात आजही पहिल्या धड्यात हे नाव येतं.

बेक्कारिया यांचा जन्म १५ मार्च १७३८ रोजी मिलानमध्ये, एका सरदार घराण्यात झाला. घरात ते थोरले. शिक्षण पार्मा इथल्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झालं. १७५८ साली पाव्हिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. स्वभाव लाजाळू, चारचौघांत बोलायचं म्हटलं की अंगावर काटा.

पण लग्नाच्या बाबतीत मात्र हा लाजाळू मुलगा हटून बसला. तेरेसा ब्लास्को हिच्याशीच लग्न करायचं, असं त्यांनी ठरवलं. वडिलांना हे स्थळ पसंत नव्हतं. त्यांनी मुलाला घरातच डांबून ठेवलं, तरी १७६१ साली लग्न झालंच. मग घराचा आधार तुटला आणि हातातोंडाची गाठ पडेना. शेवटी पिएत्रो व्हेर्री या मित्राने मध्यस्थी केली आणि बाप-लेकाचा समेट झाला.

मिलानमधला तो खांब

पिएत्रो आणि त्यांचा भाऊ अलेस्सांद्रो यांच्याभोवती तरुणांचं एक मंडळ जमलं होतं. वाद इतके रंगायचे की मंडळाचं नावच 'ठोशांची अकादमी' पडलं. अलेस्सांद्रोकडे कैद्यांची बाजू बघण्याचं सरकारी काम होतं. तुरुंगात काय चालतं, याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडून मिळायची.

त्या काळी संशयिताकडून कबुली काढायला त्याचा छळ करणं कायदेशीर होतं. मिलान शहरात एक दगडी खांब उभा होता. १६३० च्या प्लेगमध्ये काही लोक भिंतींना विषारी मलम लावून रोग पसरवतात, अशी अफवा उठली होती. एका न्हाव्याला पकडलं, हाल करून कबुली घेतली आणि ठार मारलं. त्याचं घर पाडून त्या जागी हा खांब उभारला. मलमाची गोष्ट खोटी होती. तरीही खांब १७७८ पर्यंत तसाच उभा होता.

बेक्कारिया यांचा सवाल सरळ होता. हाल सोसण्याची ताकद असलेला गुन्हेगार तोंड उघडत नाही आणि सुटतो. अशक्त निरपराध माणूस दुखणं थांबावं म्हणून न केलेला गुन्हा कबूल करतो. मग या छळातून खरं बाहेर येणार तरी कसं?

तस्करीचं गणित

मंडळाने 'इल काफ्फे' नावाचं नियतकालिक काढलं. १७६४ मध्ये त्यात बेक्कारिया यांनी तस्करीवर चक्क बीजगणित मांडलं. आपल्या रुपयांत सांगायचं तर समजा, माल १०० रुपयांचा आणि जकातही १०० रुपये. बाजारात तो माल २०० ला जातो. चोरून आणताना अर्धा माल जप्त झाला, तरी उरलेला अर्धा १०० रुपये देऊन जातो. मुद्दल सुटलं. पण जकात १० रुपयेच असेल, तर मुद्दल सोडवायला १०० पैकी जवळजवळ ९१ रुपयांचा माल सुखरूप पोचायला हवा. एवढ्यासाठी जोखीम कोण घेणार? म्हणजे जकात जितकी भारी, तितका चोरट्या धंद्याचा मोह मोठा.

त्याच वर्षी त्यांचं गुन्हे आणि शिक्षांवरचं छोटंसं पुस्तक लिव्होर्नो इथे छापलं गेलं. लेखकाचं नाव त्यावर नव्हतं, कारण सरकार आणि चर्च दोघांचीही धास्ती होती. पुस्तकाचा गाभा असा की गुन्ह्यातून होणाऱ्या फायद्यापेक्षा शिक्षेचा तोटा थोडा जास्त असला की पुरे, त्याहून जास्त तो निव्वळ जुलूम. शिक्षा लवकर आणि हमखास व्हावी. कायदा लोकांना कळेल अशा भाषेत असावा. लहान आणि मोठ्या गुन्ह्याला एकच शिक्षा ठेवली, तर माणूस मोठाच गुन्हा करील. फाशीलाही त्यांचा विरोध होता. अगदी मोजक्या प्रसंगांची सूट सोडली, तर फाशीऐवजी जन्मभर सक्तमजुरी द्यावी, असं त्यांचं मत होतं.

१७६६ मध्ये चर्चने पुस्तक बंदीच्या यादीत टाकलं. पण त्याच सुमारास त्याचं फ्रेंच भाषांतर गाजत होतं. व्हॉल्टेअर यांनी त्यावर टिपण लिहिलं. पॅरिसमध्ये सत्कारासाठी बोलावणं आलं, तर बेक्कारिया काही आठवड्यांतच बायकोच्या ओढीने घरी परतले. रशियाच्या राणी कॅथरीन यांचं बोलावणंही त्यांनी नाकारलं. १७८६ मध्ये इटलीतल्याच टस्कनी राज्याने फाशी रद्द केली.

पुढचं आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात आणि सरकारी नोकरीत गेलं. नाणी, धान्य, वजनं-मापं ही त्यांची कामं. भावंडांनी घातलेल्या इस्टेटीच्या दाव्यांनी मात्र त्यांना अनेक वर्षं छळलं. १७९२ मध्ये सरकारी समितीत त्यांनी पुन्हा फाशीविरुद्ध मत दिलं. निकाल चुकला तर गेलेला जीव परत आणता येत नाही, हा मुद्दा त्यात होता. २८ नोव्हेंबर १७९४ रोजी ते वारले.

हिशोब आजचाही

इंग्लंडच्या जेरेमी बेंथम यांनी हा विचार पुढे नेला. बेंथम यांच्या विचारांची छाप मेकॉलेच्या मसुद्यावर पडली आणि त्यातूनच १८६० ची भारतीय दंड संहिता आली. १९६८ मध्ये अमेरिकेचे गॅरी बेकर यांनी गुन्ह्याचं अर्थशास्त्र नव्याने मांडलं. एकदा परीक्षा घ्यायला उशीर होत होता, तेव्हा गाडी पैसे देऊन लांब लावायची की दंडाची जोखीम घेऊन रस्त्यावरच, असा हिशोब त्यांनी स्वतःच केला होता. त्यातून त्यांना हा विषय सुचला. पुढे १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या विचाराला मर्यादाही आहेत. दारूच्या नशेत किंवा रागाच्या भरात कुऱ्हाड उचलणारा माणूस आकडेमोड करत बसत नाही, असा आक्षेप अभ्यासक घेतात, आणि तो रास्त आहे. पण रोजच्या कितीतरी गोष्टींत हिशोब चालूच असतो. चौकात पोलीस दिसला की हेल्मेट डोक्यावर चढतं, नसला की हँडलला लटकतं. दंडाची रक्कम दोन्ही वेळा तेवढीच असते, बदलते ती फक्त सापडण्याची शक्यता. म्हणून गुन्हा घडल्यावर कायदा कडक करा, अशी मागणी करताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. आहे त्या कायद्यात किती जण सापडतात आणि निकाल लागायला किती वर्षं जातात?