सलीम अलींचे मामा

पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव निघाले, की मला आधी त्यांचे मामा आठवतात. सलीमचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. तीन वर्षांचे होईतो आईवडील दोघेही गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भाच्याला वाढवले. १९०८ साली त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे त्याला आयुष्याची वाट सापडली.

पुढे नोकरी सुटली, तेव्हा पत्नी तेहमिना पाठीशी उभ्या राहिल्या. १९३१ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. आपले बीदर-गुलबर्गा जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. सलीम अलींनी वेतन न घेता केवळ खर्चावर हे काम पत्करले. रानातल्या मुक्कामांत तेहमिना सोबत होत्या. १९३९ साली त्या वारल्या. मग बहीण-मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९८७ साली ते निवर्तले.

एखादे पोर मेलेले पाखरू घेऊन आपल्या दारात आले, तर आपण त्याला हात धुवायला पाठवतो. मामांनी त्याला शिकायला पाठवले.