लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. सायकली आणि परदेशी बनावटीच्या पवनचक्क्या विकण्यापासून त्यांच्या व्यवसायाचा आरंभ झाला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार करून त्यांनी शेतीच्या अवजारांचा स्वदेशी कारखाना उभा केला. तत्कालीन औंध संस्थानातील माळरानावर १९१० मध्ये त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. पाठांतराच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रकला आणि यंत्रे यांची मात्र त्यांना लहानपणापासून ओढ होती. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्या पाठबळावर त्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. सुमारे दोन वर्षांनी आपल्या दृष्टीत अंशतः रंगांधळेपणाचा दोष असल्याचे त्यांच्या लक्षात आले. रंगांतील सूक्ष्म भेद ओळखता येत नसल्याने चित्रकार होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला. रेखाटनावरील हुकमत कायम होती. तिचा उपयोग करून त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून काम पत्करले. वर्गाबाहेरचा वेळ ते संस्थेच्या कार्यशाळेत घालवीत. यंत्र कागदावर उतरवणे आणि प्रत्यक्ष घडवणे या दोन्ही गोष्टी त्यांना तेथे साधल्या.

सायकली आणि पवनचक्क्या

सायकल त्या काळी नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवीत. या लहानशा दुकानातूनच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव पुढे आले. समूहाची स्थापना १८८८ या वर्षी झाल्याचे मानले जाते. मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलींबरोबर या बंधूंनी पवनचक्क्या विकण्याचे व उभारून देण्याचे कामही केले. त्या काळातील पवनचक्की वीज निर्माण करीत नसे. ती विहिरीचे पाणी उपसत असे. उंच मनोऱ्यावरील अनेक पात्यांचे चाक संथ पण जोरकस फिरे आणि भुजेच्या साहाय्याने त्या फिरण्याचे रूपांतर पंपाच्या दांड्याच्या खालीवर होण्यात केले जाई. बैलांच्या मोटेला हा पर्याय आकर्षक वाटला, तरी दख्खनच्या हवामानात त्याला एक मर्यादा होती. येथील वारा पावसाळ्यात सर्वांत जोराचा असतो. विहिरीच्या पाण्याची निकड मात्र हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भासते. शिवाय परदेशी यंत्राचा एखादा भाग मोडला, तर नवा भागही समुद्रापलीकडूनच मागवावा लागे. शेतकऱ्याला जवळ दुरुस्त होणारे आणि वर्षभर उपयोगी पडणारे यंत्र हवे होते. असे यंत्र आपल्याच कार्यशाळेत घडवणे, हे लक्ष्मणरावांच्या पुढील कार्याचे सूत्र ठरले.

कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर

बेळगावच्या कार्यशाळेत प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. अख्खा कडबा गुरांपुढे टाकला की त्याचा बराचसा भाग पायदळी जातो. बारीक तुकडे केल्यास वैरण वाचते. त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार करण्यात आला. लाकडी नांगर जमीन उकरतो, परंतु माती पुरती उलटवत नाही. लोखंडी नांगराचे वक्र पाते मातीचा थर पालथा घालते, त्यामुळे तण गाडले जाते आणि नांगरट खोल होते.

गुण असूनही हा नांगर खपला नाही. लोखंडामुळे जमिनीला विषबाधा होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. भांडवल अडकून पडले असतानाही लक्ष्मणरावांनी नांगराचे काम थांबवले नाही. चुकीच्या पेरणीची किंमत संपूर्ण वर्षभर मोजावी लागणारा शेतकरी नव्या अवजाराबाबत सावध असणारच, हे जाणून शेतात प्रत्यक्ष नांगरट करून दाखवण्यावर भर देण्यात आला. शब्दांपेक्षा उलटलेल्या तासाने शेतकऱ्याची अधिक खात्री पटवली आणि मागणी हळूहळू वाढू लागली.

किर्लोस्करवाडीची स्थापना

उद्योगाचा जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेच्या आदेशामुळे कार्यशाळेची जागा सोडण्याची वेळ आली. या अडचणीत औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. ते १९०९ मध्ये गादीवर आले होते आणि स्वतः चित्रकार होते. औंध हे राजधानीचे गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानाचा मुलूख मात्र सलग नसून विखुरलेला होता. त्यांपैकी कुंडल गावाजवळील, रेल्वे स्थानकालगतची सुमारे ३२ एकर जमीन त्यांनी लक्ष्मणरावांना दिली आणि आर्थिक मदतही केली.

ही जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेले, पाण्याची टंचाई असलेले आणि सापांचा वावर असलेले माळरान होते. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव मोजके कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह तेथे आले. झोपड्या आणि तंबूंतून वसाहतीचा आरंभ झाला. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभूराव जांभेकर यांनी यंत्रांची आणि मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची बाजू सांभाळली. औपचारिक पदवीपेक्षा माणसाची कामाची आवड लक्ष्मणराव अधिक महत्त्वाची मानीत. पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसांवरही त्यांनी राखणीची जबाबदारी सोपवली. अस्पृश्यता त्यांना मान्य नव्हती. ‘कुंडल रोड’ या स्थानकाला पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काच कारखानाही पुढे उभा राहिला.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी माल येणे कठीण झाले. त्यामुळे देशी नांगराची मागणी वाढली; परंतु त्यासाठी लागणारे लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. कारखाना बंद पडण्याची शक्यता निर्माण झाली. दगडी कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरण्याचे प्रयत्न झाले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्या लोखंडापासून नांगर घडवले गेले.

कंपनी आणि विस्तार

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या मर्यादित कंपनीची स्थापना झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मलेल्या या मासिकाचे पुढे ‘किर्लोस्कर’ असे नाव झाले आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ या मासिकांसह मराठी वाङ्मयात त्याने स्वतंत्र स्थान मिळवले. किर्लोस्करवाडीत उसाचे चरक, पंप आणि लोखंडी फर्निचर यांचेही उत्पादन होऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) हे अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले आणि कारखान्यात रुजू झाले. १९४६ मध्ये पुण्यात तेल इंजिनांचा आणि बंगळूर येथे विद्युत यंत्रांचा उद्योग सुरू झाला.

निधन आणि वारसा

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २० जून १९६९ रोजी तिकीट प्रकाशित केले. शंतनुरावांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या ‘कॅक्टस अँड रोझेस’ या नावात किर्लोस्करवाडीच्या निवडुंगाची आठवण राहिली आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव व गुढे-पाचगणी या पठारांवर वीजनिर्मिती करणाऱ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाणी उपसण्यास अपुरा ठरणारा पावसाळी वाराच त्यांचा मुख्य आधार आहे. त्याची वीज तारांवाटे इतरत्र नेता येते. लक्ष्मणरावांच्या काळी ती सोय नव्हती. वाऱ्यावरच्या यंत्राकडून ते नांगराकडे आणि पुढे त्यांचा कारखाना पंपाकडे वळला. हाताशी असलेली साधने आणि शेतकऱ्याची गरज यांचा मेळ घालणे, हेच त्या वाटचालीचे वैशिष्ट्य होते.