भारतीय विमानाचे शिल्पकार : डॉ. विष्णू माधव घाटगे



जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली आणि पेडणे, डिचोलीच्या मुलांना विमानाचे अप्रूप राहिले नाही. परंतु विमान ही आपल्याच माणसांनी कागदावर आखून घडविण्याची वस्तू आहे, हे ज्यांनी सिद्ध केले, त्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

घाटगे यांचा जन्म १९०८ साली घाटापलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गटिंगेन येथे गेले आणि थोर शास्त्रज्ञ लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूर येथे काढलेल्या विमान कारखान्यात ते रुजू झाले. महायुद्धाच्या काळात तेथे मुख्यतः परदेशी विमानांची दुरुस्ती चाले. दुरुस्ती करणे वेगळे आणि नवी रचना करणे वेगळे. हे अंतर कापायचे तर माणसे तयार व्हायला हवीत. म्हणून भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा घाटगे यांनी तेथे अध्यापनही केले.

विमानरचनेतील मोठी अडचण वजनाची. पत्रा जाड घेतला तर विमान जड होते, पातळ घेतला तर दाबाखाली दुमडतो. आपल्या पडवीवरचा पन्हळी पत्रा पाहा. तोच पत्रा सपाट असता तर पहिल्याच पावसाळ्यात खाली झुकला असता. धातूच्या विमानात पातळ पत्र्याला आतून लांब पट्ट्या रिव्हेटने जोडतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. वजन थोडे वाढते, ताठपणा मात्र कितीतरी पटीने वाढतो. आज अग्निबाणाच्या काही भागांत धातूऐवजी कार्बन तंतू व रेझीन यांचे थर वापरतात. ज्या दिशेने भार येणार, त्या दिशेने तंतू मांडतात. जितके वजन वाचेल, तितका अधिक भार अवकाशात नेता येतो.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचलेले, संपूर्ण धातूचे, दोन आसनांचे 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. आपल्या अनेक वैमानिकांनी त्यावर पहिले धडे घेतले. घानानेही ही विमाने घेतली. पुढे १९६४ मध्ये 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान उडाले. दाभोळीच्या नौदल तळावरून किरण विमाने अनेक वर्षे उडत होती. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलाने मोडके घड्याळ उघडले तर रागावू नका. आधी त्याला ते जोडू द्या आणि मग त्याहून चांगले कसे करता येईल, हे विचारा.