पंडिता रमाबाईंची प्रार्थना, जिच्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं

संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक अशी पंडिता रमाबाईंची ओळख आपण वाचलेली असते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे बहुतेक वेळा एका ओळीत उरकलं जातं. पण त्या धर्मात त्यांना काय सापडलं आणि त्याची किंमत काय पडली, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या प्रार्थनेकडे पाहावं लागतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थक्षेत्रांतून फिरत राहिलं. देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची. मग दुष्काळ पडला. देव मदत करील या श्रद्धेने त्यांनी उपास केले, जप केले, उरलंसुरलं दानात घातलं. शेवटी जंगलातला पाला खायची वेळ आली. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच अवधीत गेले. मागे उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास.

दोघं पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण नेम आणि विधी पाळले की देव पावतो, यावरचा त्यांचा विश्वास तोवर उडाला होता. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधवी यांच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत पतीही कॉलऱ्याने गेले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी होती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून सगळं मुकाट्याने मान्य केलं असं झालं नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका काढल्या. मठाने दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही विचारलं. भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो बराच तिखट आहे. देवाशी बोलायला तिसऱ्याच देशाची भाषा लागते, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. एकदा मंत्र पाठ करून झालेले होते ना!

अमेरिकेत निधी जमवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. इथे विधवा मुलींना शिक्षण मिळायचं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असं ठरलं होतं. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर सल्लागार मंडळात होते ते या भरवशावर.

याच सुमारास रमाबाईंच्या मनात एक गोष्ट घडली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांनी वाचलं. वर्षानुवर्षं चर्चमध्ये काम करूनही आपला विश्वास वरवरचा होता, हे या माणसाला उशिरा उमगलं होतं. रमाबाईंना ते स्वतःचंच वर्णन वाटलं. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, ख्रिस्ताला नाही, असं त्या म्हणू लागल्या. तेव्हापासून त्यांची प्रार्थना बदलली. नेमलेल्या पोथीतली वाक्यं मागे पडली आणि आपल्याच शब्दांत देवाशी बोलणं सुरू झालं.

ही प्रार्थना त्या मनोरमेबरोबर आपल्या खोलीत करायच्या. मात्र खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. त्यांना बोलवायचं नाही, पण हाकलायचंही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

पुण्यात बातमी फुटली. 'केसरी'ने आधीच टीकेचा रोख धरला होता, आता पालकही बिथरले. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले. पंचवीसेक मुली शाळेतून काढून नेण्यात आल्या. दार लावून घेतलं असतं तर वाद कदाचित टळला असता. पण दार लावून करायची प्रार्थना म्हणजे चोरून करायची प्रार्थना, आणि तशी ती रमाबाईंना करायची नव्हती. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही पोकळ नव्हता. ज्या बाईने आसरा दिला, जिच्यावर जीव जडला, तिच्या खोलीत शिरणारी निराधार पोर कितपत स्वतंत्रपणे निवड करते? या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही सोपं नव्हतं.

पुढची अडचण पैशांची होती. अमेरिकेतल्या मित्रांनी मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांपुरतं. म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. याच काळात त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्याबद्दल वाचलं. कुणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलं सांभाळणारा हा माणूस. भारतात असं जमेल का, हा विचार रमाबाईंच्या डोक्यात घर करून बसला. लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या १५ मुलींना घेऊन गेल्या. तिथे त्यांनी मागितलं की पुढच्या मेळाव्याच्या आत या पंधरांचे पंधरा पट व्हावेत, म्हणजे २२५.

मागणं थेट आकड्यात! आणि ते पुरं झालं, असं त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. मात्र ते झालं दुष्काळामुळे. १८९६ साली मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरू लागली. ही बातमी ऐकताच रमाबाईंना स्वतःचे पाल्यावर काढलेले दिवस आठवले. त्यांनी प्रार्थना केली आणि गाडीत बसून स्वतः तिकडे गेल्या. मुली गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून मुक्काम केडगावला हलला. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्या जणींचं रोजचं जेवण, कपडे, औषधं. सकाळी उठून प्रार्थना व्हायची आणि मग विहीर, शेत, हातमाग, तेलघाणा, छापखाना. काम न करता नुसतं मागत बसणं तिथे चालत नसे.

१९०५ च्या जानेवारीत सत्तरेक मुलींचा गट रोज प्रार्थनेसाठी जमू लागला. जूनपर्यंत तो साडेपाचशेवर गेला. मग शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. चर्चच्या शिस्तीत वाढलेल्या पाश्चात्त्य पाहुण्यांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंचा स्वतःचा पिंड शांत होता, तरी त्यांनी मुलींना थांबवलं नाही.

त्यांचं स्वतःचं शेवटचं मोठं काम मात्र टेबलाशी बसून करायचं होतं. बायबलचं मराठी भाषांतर प्रचलित होतं, पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतर सुरू केलं. ते छापण्याचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.