वसईचे संत गोन्सालो गार्सिया



संत गोन्सालो गार्सिया वसईचे, म्हणजे आपल्याच महाराष्ट्राचे. तरी आपल्या कोल्हारच्या घरांत भिंतीवर संत अंतोनीचे चित्र असते, गोन्सालोंचे क्वचितच.

त्यांचा जन्म सुमारे १५५७ साली झाला. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंकडे ते शिकले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा आत्मसात करून त्यांनी अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग त्यांनी व्यापार सुरू केला. त्यात चांगला जम बसला, चार ओळखी झाल्या. तिथेच राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. हे ठाऊक असूनही १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून गोन्सालो परत तिथे गेले. क्योतो शहरात या बंधूंनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. १५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरून संशय वाढला आणि धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली गेली. मग ऐन थंडीत महिनाभर मजल दरमजल करत त्यांना नागासाकीला नेले. एकूण २६ जण. त्यांतल्या बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला, श्रद्धा सोडल्यास सुटका होईल, असे सांगून पाहिले. तो पोर बधला नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सर्वांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकले.

मग देवाचे संरक्षण कुठे गेले? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टिन सांगतात की दुष्टाईला स्वतःचे अस्तित्व नाही, ती चांगुलपणाची उणीव आहे. ते खरेच आहे, पण भाल्याच्या टोकापुढे हे उत्तर तोकडे पडते. आम्हांला मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय जास्त जवळचा वाटतो. जे ९१ वे स्तोत्र आपण आजाऱ्याच्या उशाशी म्हणतो, त्याच स्तोत्राचा आधार घेऊन सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो. येशू उडी टाकत नाही. पित्यावर भरवसा आहे, म्हणूनच तो त्याची परीक्षा पाहत नाही.

आपल्याकडे आजारपण लांबले, दुभती गाय दगावली, की करणीची शंका येते. मग एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या मनगटाला भगताचा दोरा! दोराही काहीच होऊ नये म्हणूनच बांधायचा असतो. गोन्सालोंनी तशी हमी मागितली नाही. त्यांच्या शरीराचे जे करायचे ते हिदेयोशीने केले, पण ख्रिस्तापासून त्यांना तोडता आले नाही. ९१ व्या स्तोत्रातले संरक्षण आम्हांला इथे दिसते.

१६२७ साली त्यांना धन्य आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. वसई परिसरात गास येथील चर्च त्यांच्याच नावाचे आहे. सोयरिकीला किंवा नोकरीनिमित्त तिकडे जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तिथे जरूर जावे.