नांगर तयार होता, घ्यायला कुणी नव्हतं! लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

आज ट्रॅक्टरपासून फवारणी पंपापर्यंत सगळ्याची जाहिरात शेतकऱ्याच्या मोबाईलवर येते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नवं औजार शेतकऱ्याच्या गळी उतरवणं म्हणजे डोंगर फोडण्यासारखंच काम होतं. ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी करून दाखवलं.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथं त्यांचा जन्म झाला. शाळेत मन रमेना, ओढा चित्रकलेचा आणि यंत्रांचा. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत हे कळलं आणि चित्रकला सुटली. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून थेट बेळगाव गाठलं. तिथं भाऊ रामूअण्णांसोबत सायकलींचं दुकान चालवलं आणि पुढं कडबा कापायचं यंत्र व लोखंडी नांगर बनवायला घेतला.

१९०३ मध्ये नांगर तयार झाला. पण लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. लाकडी नांगर बापजाद्यांपासून चालत आलेला, तो सोडायचा कसा? पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली. माल चांगला असून भागत नाही, तो का चांगला हे घेणाऱ्याला पटवावं लागतं, हा धडा इथं मिळाला.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या पलूस तालुक्यातली हीच ती वाडी. नांगर, उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप असा रोजच्या उपयोगाचा माल इथून गावोगावी जाऊ लागला.

मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायची जबाबदारी पुतण्या शंकररावांनी उचलली. ते स्वतः चित्रकार. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचा माल गिऱ्हाइकाला कळावा एवढाच सुरुवातीचा हेतू. पण नुसती जाहिरात कोण वाचणार? हळूहळू त्यात उद्योगाचे, समाजाचे विषय आले, गोष्टी आल्या, आणि त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं. नांगराच्या जाहिरातीसाठी सुरू झालेला कागद मराठी घरात वाचनाची सवय लावून गेला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. आज दुकानदार चकचकीत पत्रक हातात देतो, तेव्हा शेतकऱ्यानं एवढंच विचारावं: हे माझ्या रानात चालेल का? लक्ष्मणरावांना या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन वर्षं थांबावं लागलं, पण ते थांबले.